भरवशाची गाडी

या वर्षी नात्यातल्या तिघांनी एकच प्रश्न विचारला. "एसयूव्ही घ्यायचीय, भरवशाची कुठली?" तिघंही राहणार लालबाग-परळ-दादरच्या पट्ट्यात. तिघांनाही वर्षातून दोन-तीनदा गावी जायचंय, गणपतीला तर नक्कीच. एरवी गाडी सोसायटीत उभी. फोनवर एवढं सगळं सांगणं काही जमत नाही, म्हणून इथे लिहून काढतोय.

लिहायला बसलो तर मॉडेलची नावं बाजूलाच राहिली आणि 'भरवशाची' या शब्दावर अडलो. गेल्या ऐंशी वर्षांत या शब्दाचा अर्थ आपल्याकडे निदान तीनदा पालटलाय. आणि गंमत म्हणजे ही सगळी गोष्ट आपल्याच अंगणातून, शिवडी-माझगावातून सुरू होते.

शिवडीला आज गोदामं आणि फ्लेमिंगो एवढंच आठवतं लोकांना. पण १९२८ साली जनरल मोटर्सने तिथे मोटारी जुळवायचा कारखाना काढला. सुटे भाग बोटीने मुंबई बंदरात यायचे, शिवडीला गाडी आणि ट्रक उभे राहायचे, वर शेवरोलेचं चिन्ह लागायचं. फोर्डनेही त्याच सुमारास मुंबईत बस्तान बसवलं होतं. म्हणजे परळच्या गिरण्यांचा भोंगा वाजत होता त्याच काळात, दोन-तीन मैलांवर, अमेरिकन गाड्या तयार होत होत्या. या दोन कंपन्यांची नावं लक्षात ठेवा, पुढे लागणार आहेत.

आता जीप. एसयूव्ही म्हणून आज जे काही विकलं जातं त्या सगळ्याची ही आजी. १९४० मध्ये अमेरिकन सैन्याला एक हलकी, चारही चाकांना जोर असलेली गाडी हवी होती. बँटम नावाच्या एका लहानशा कंपनीने ४९ दिवसांत नमुना करून दिला. पण एवढा माल काढायची तिची ताकद नव्हती, म्हणून काम गेलं विलीस आणि फोर्डकडे. युद्ध संपेपर्यंत दोघांनी मिळून सहा लाखांहून जास्त जीप केल्या. यातली मला सगळ्यात महत्त्वाची वाटणारी बाब म्हणजे फोर्डच्या जीपचे बहुतेक भाग विलीसच्या जीपला चालायचे. रणांगणावर दोन मोडक्या जीपमधून एक चालती जीप करता यायची. जीप मोडायची नाही असं कुणीच म्हणत नव्हतं. मोडायचीच. पण मोडली तरी मार्ग निघायचा. भरवशाचा पहिला अर्थ हा. मोडेल, पण कुणालाही, कुठेही दुरुस्त करता येईल.

युद्धानंतर लष्कराने टाकलेल्या जीप लिलावात निघाल्या. 'डिस्पोजलची जीप' हा शब्द जुन्या लोकांच्या तोंडी असायचा तो यातूनच आला. आणि जुनी गाडी घेताना फसवणूक ही काही आजची गोष्ट नाही बरं का. स्वतंत्र भारतातला पहिला मोठा खरेदी घोटाळा म्हणतात तो जीपचाच! १९४८ मध्ये काश्मीरचं युद्ध चालू असताना लंडनमधले आपले उच्चायुक्त व्ही. के. कृष्ण मेनन यांनी नेहमीची पद्धत बाजूला ठेवून सैन्यासाठी जीप घेण्याचा ८० लाखांचा करार केला. बरेचसे पैसे आधीच दिले, आणि हातात आल्या १५५ जीप. आल्या त्याही कामाच्या नाहीत, असा आक्षेप होता. संसदेत रणकंदन झालं. १९५५ मध्ये सरकारने प्रकरण बंद केलं आणि पुढच्याच वर्षी मेनन मंत्रिमंडळात आले. पुढे १९५७ आणि १९६२ अशा दोन्ही निवडणुकांत त्यांना लोकसभेत पाठवलं ते कुणी, तर आपल्या उत्तर मुंबईने. असो. सेकंडहँड गाडी घेताना आधी पैसे देऊ नका, एवढं तरी यातून घ्या. :-)

आता माझगाव. २ ऑक्टोबर १९४५ ला मुंबईत 'महिंद्र अँड मोहम्मद' नावाची कंपनी सुरू झाली. जगदीशचंद्र आणि कैलाशचंद्र हे महिंद्र बंधू आणि त्यांचे भागीदार मलिक गुलाम मोहम्मद. धंदा पोलादाचा. फाळणीनंतर गुलाम मोहम्मद पाकिस्तानचे पहिले अर्थमंत्री झाले, पुढे गव्हर्नर जनरलसुद्धा. इकडे १९४८ मध्ये कंपनीच्या नावातलं 'मोहम्मद' जाऊन दुसरं 'महिंद्र' आलं. इंग्रजी आद्याक्षरं तीच राहिली, एम अँड एम! दरम्यान १९४७ मध्ये विलीसच्या ७५ जीप सुट्या भागांत मागवल्या होत्या, आणि १९४९ पासून माझगावला जीप जुळवायचं काम रीतसर सुरू झालं.

मग १९५३ साल. सरकारने ठरवलं की नुसत्या पेट्या उघडून गाड्या जुळवणाऱ्यांना इथे राहता येणार नाही. टप्प्याटप्प्याने सगळे भाग भारतात बनवायचा कार्यक्रम द्या, नाहीतर निघा. जनरल मोटर्स आणि फोर्डने हिशेब केला. भारतात वर्षाला गाड्या खपणार त्या किती, आणि त्यासाठी कारखाना घालायचा? १९५४ मध्ये दोघांनीही गाशा गुंडाळला. शिवडी बंद. माझगाववाले राहिले. कुर्ल्याला वालचंद हिराचंदांची प्रीमिअर होती, तीही राहिली.

शिवडी ते माझगाव अंतर किती? बसने अर्धा तास नाही. पण पुढच्या पन्नास वर्षांत या देशात भरवशाची मोठी गाडी कुठली हे या अंतराने ठरवलं असं मला वाटतं. शेवरोले जीपपेक्षा वाईट होती म्हणून गेली नाही. ती गेली आणि तिचे सुटे भाग यायचे थांबले, म्हणून ती बिनभरवशाची झाली. जीपचे भाग मात्र इथेच बनायला लागले. ग्रँट रोडच्या दुकानात मिळेनात तर चोरबाजारात मिळायचे, चोरबाजारात नाही तर कुर्ल्याच्या भंगारवाल्यांकडे. तालुक्याच्या गावचा फिटरही डोळे मिटून जीप खोलायचा, कारण बीडीओची जीप, पोलिसांची जीप, वनखात्याची जीप, सगळ्या एकाच साच्याच्या. लहानपणी गावाला धुरळा उडवत जीप आली म्हणजे 'सरकार आलं' असंच पोरं समजायची.

तरी घरची गाडी म्हणून जीप कुणी घेत नसे. गिरगावच्या चाळीतल्या माणसाला गाडी घ्यायची ऐपतच नव्हती आणि ज्याला होती तो फियाट घ्यायचा. जीप पेट्रोल पिणारी, आणि छत कापडाचं. ती सर्वसामान्यांच्या प्रवासात आली डिझेलमुळे. सत्तरच्या दशकात महिंद्रने ट्रॅक्टरचं डिझेल इंजिन जीपमध्ये बसवलं. ट्रॅक्टरसारखाच आवाज, ट्रॅक्टरसारखाच वेग. मग १९७९ मध्ये फ्रान्सच्या प्युजोकडून डिझेल इंजिनाचा परवाना घेतला आणि ती इंजिनं इगतपुरीला बनू लागली. तुम्ही नाशिकला रेल्वेने जाताना घाट चढून गाडी इगतपुरीला थांबते आणि आपण बटाटेवडा खातो, तिथेच! डिझेल स्वस्त, कारण त्याचा दर सरकार ठरवायचं (हे पार २०१४ पर्यंत चाललं). त्यामुळे कमांडर जीप आणि अकुर्डीच्या बजाज टेम्पोची ट्रॅक्स या गाड्या महाराष्ट्रभर वडाप म्हणून धावू लागल्या. आत किती माणसं बसतात हा प्रश्न विचारायचा नसतो.

आणि मग १९९४ ला आली टाटा सुमो. कंपनी तेव्हा टेल्को होती, मुख्यालय फोर्टातल्या बॉम्बे हाऊसमध्ये. सुमो हे नाव जपानी पैलवानांचं वाटतं, पण ते आहे सुमंत मुळगावकरांचं. 'सु' आणि 'मो'. मुळगावकर मुंबईत जन्मलेले, टेल्को ज्यांनी उभी केली ते, पुण्याचा कारखानाही त्यांचाच. १९८९ मध्ये ते वारले, म्हणजे सुमो त्यांनी पाहिलीच नाही. ढाब्यावर ट्रक ड्रायव्हरांबरोबर जेवण्याची जी गोष्ट व्हॉट्सअ‍ॅपवर फिरते ती बाजूला ठेवू. नाव त्यांचं, एवढं पुरे. टेल्कोचा हात ट्रकवर बसलेला, त्यामुळे सुमोची बैठकही ट्रकच्या जातीचीच. मजबूत सांगाडा, वर पत्र्याची खोली, १९४८ सीसीचं डिझेल, दहा माणसं. तीन वर्षांत एक लाख सुमो खपल्या.

लालबाग-परळच्या मंडळींना सुमोने काय दिलं हे तेव्हाचे गणपती ज्यांनी पाहिलेत त्यांनाच कळेल. कोकण रेल्वे पूर्ण मार्गावर सुरू झाली १९९८ च्या जानेवारीत. त्याआधी एसटी, नाहीतर भाड्याची जीप, ट्रॅक्स, सुमो. गिरण्यांचा संप होऊन दहा-बारा वर्षं झालेली, घरात पैसा बेताचा, पण गणपतीला गाव चुकवायचं नाही. चाळीतली दोन बिऱ्हाडं मिळून एक गाडी करायची. रात्री दहाला निघायचं, वर टपावर पखवाज, मखराचं सामान, ताडपत्री.

१९९६ च्या गणपतीत आम्ही अशाच एका दहा आसनी गाडीने निघालो होतो (कुठली ते सांगत नाही, उगाच बिचाऱ्या कंपनीला बोल नको). आत मोठी माणसं बारा आणि मांडीवरची पोरं वेगळी. पोलादपूर सोडून कशेडी चढायला लागलो आणि बॉनेटमधून वाफ. रेडिएटर गळत होता. रात्रीचे अडीच, पाऊस धो धो. माझी आजी तेव्हा ऐंशीच्या पुढे, तिला दम्याचा त्रास. ड्रायव्हर शांतपणे उतरला, मागे वळून म्हणाला, "वहिनी, हळद आहे का सामानात?" गणपतीच्या सामानात हळद नसेल असं होईल का? मूठभर हळद रेडिएटरमध्ये गेली, वर ओढ्याचं पाणी. गळती बरीच कमी झाली. तशीच उलटी वळवून गाडी पोलादपूरला आणली, एका फिटरला उठवलं, त्याने कंदिलाच्या उजेडात झाळ मारून दिली. पहाटे पाचला पुन्हा निघालो. कणकवलीला पोचेस्तो दुपार.

आजी पुढे कित्येक वर्षं त्या ड्रायव्हरचं नाव घ्यायची. गाडीला नावं ठेवलेली मला आठवत नाहीत. मला वाटतं तेव्हा भरवसा हा गाडीवर नसायचाच. तो ड्रायव्हरवर, पोलादपूरच्या फिटरवर आणि हळदीवर असायचा. पण तीन तास आजी त्या गाडीत ज्या आवाजात श्वास घेत होती तोही मला आठवतो. 'कुठेही दुरुस्त होते' या गोष्टीचं कौतुक करणाऱ्यांनी हे सुद्धा धरावं.

शब्दाचा अर्थ पालटला २००० च्या जानेवारीत, आणि तो पालटवणाऱ्या गाडीकडे बघून लोक हसले होते. टोयोटा क्वालिस! इंडोनेशियात किजांग नावाने चालणारी जुन्या धाटणीची गाडी, थोडी सजवून इथे आणली. डबा दिसतो म्हणाले. चार चाकांना जोर नाही, रुबाब नाही. कंपनी टोयोटा-किर्लोस्कर, कारखाना बंगळुरूजवळ बिडदीला. यातले किर्लोस्कर म्हणजे किर्लोस्करवाडीवाल्या लक्ष्मणरावांचे वंशज. लक्ष्मणराव मुंबईत व्हीजेटीआयमध्ये शिकवत होते, बढती डावलली म्हणून नोकरी सोडून बेळगावला सायकलच्या दुकानात गेले. आणि माझगावच्या जगदीशचंद्र महिंद्रांचं शिक्षण कुठलं? तेही व्हीजेटीआयचंच, बऱ्याच वर्षांनंतर. योगायोग, दुसरं काही नाही, पण मला लिहिल्यावाचून राहवलं नाही.

तर क्वालिस. दोन-तीन वर्षांत भाड्याच्या गाड्यांचे मालक तिच्यामागे लागले. कारण साधं. ती बंद पडत नसे. तेल बदला, फिल्टर बदला, चालवा. लाख-दोन लाख किलोमीटर झालेल्या क्वालिसचं इंजिन उघडलंही नाही असे मालक दादरला स्टेशनबाहेर भेटायचे. ज्या फिटरच्या जिवावर आधीचा सगळा भरवसा होता, त्याच्याकडे जायची वेळच येईना. 'मोडली तर काय' हा प्रश्न गेला आणि 'मोडतेच कशाला' हा आला. २००५ मध्ये चांगली खपत असताना क्वालिस बंद करून कंपनीने इनोव्हा आणली. तेव्हाही लोक हळहळले.

देशी कंपन्यांना हे कळलं नाही असं नाही. महिंद्रने २००० मध्ये बोलेरो आणली होती (इंजिन त्याच प्युजोच्या घराण्यातलं), आणि २००२ च्या जूनमध्ये स्कॉर्पिओ. स्कॉर्पिओ ही जीप जुळवणाऱ्या कंपनीने स्वतः आखलेली पहिली पूर्ण गाडी. पोरांच्या खोलीत तिची चित्रं लागली. जीप ही सरकारची, सुमो भाड्याची, पण स्कॉर्पिओ आपली, असं मराठी घरांत तेव्हा पहिल्यांदा झालं. निवडणुकीतल्या पांढऱ्या स्कॉर्पिओंबद्दल मी काही लिहीत नाही, तुम्हाला माहितीय.

२६ जुलै २००५ ला सांताक्रुझला ९४४ मिलिमीटर पाऊस झाला. कुलाब्याला त्या दिवशी ७३. त्यानंतर उंच गाडीचं आकर्षण वाढलं ते मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं. हिंदमाताला दर पावसाळ्यात गुडघाभर पाणी साचायचं, आता टाक्या बांधल्यावर बरंच कमी झालंय. पण उंच गाडीचा गैरसमजही तिथूनच आला. पाण्यात गाडी बंद पाडते ती उंची नव्हे, इंजिनाला हवा घेणारं नळकांडं कुठे आहे ते. तिथून पाणी आत गेलं आणि तुम्ही पुन्हा चावी फिरवलीत, की इंजिनाचे दांडे वाकलेच. पाण्यात बंद पडलेली गाडी कधीही चालू करून बघू नका. ढकला.

तिसरा अर्थ आला तो अपघातातून. म्हणजे अपघाताच्या चाचणीतून. २०१६ मध्ये ग्लोबल एनकॅपने काही भारतीय गाड्या भिंतीवर आदळून पाहिल्या, त्यात एअरबॅग नसलेली स्कॉर्पिओही होती. तारे मिळाले शून्य. ज्या गाडीकडे बघून 'रणगाडा आहे' म्हणायचो ती! सुमोच्या मागच्या आडव्या बाकांवर तर आम्ही पोरांना नुसतं कोंबायचो. मुंबई-गोवा रस्त्यावर दर गणपतीत काय घडतं ते पेपरात वाचत असूनही, पत्रा जाड म्हणजे गाडी सुरक्षित हे आपल्या डोक्यात पक्कं होतं. २०१८ च्या डिसेंबरात टाटाच्या नेक्सॉनला पाच तारे मिळाले, भारतात बनलेली पहिली गाडी. २०२२ मध्ये स्कॉर्पिओ-एनलाही पाच मिळाले. म्हणजे तीच कंपनी, सहा वर्षांत शून्यावरून पाचवर. तेव्हा चाचणी कुठल्या मॉडेलची आणि कुठल्या सालची हे बघितल्याशिवाय नुसत्या नावावर जाऊ नये.

आता शिवडीकडे परत. जनरल मोटर्स नव्वदच्या दशकात पुन्हा भारतात आली, फोर्डही आली. टवेरा, कॅप्टिव्हा, एंडेव्हर, इकोस्पोर्ट... गाड्या उत्तम. ओळखीतल्या कितीजणांनी हौसेने घेतल्या. आणि २०१७ मध्ये जनरल मोटर्सने इथली विक्री बंद केली, २०२१ मध्ये फोर्डने इथलं उत्पादन थांबवायचं जाहीर केलं. १९५४ चाच खेळ पुन्हा, त्याच दोन कंपन्या. कारण थोडंफार तेच, एवढ्याशा खपात परवडत नाही. जनरल मोटर्सचा तळेगावचा कारखाना आता ह्युंदाईकडे गेलाय. त्या गाड्यांचे मालक कुर्ल्याला आरसा नाहीतर दिवा शोधताना दिसतात. म्हणून कुठल्याही कंपनीची गाडी बघताना ती महिन्याला किती खपते हे मी आधी विचारतो. हा प्रश्न लोकांना वाण्याचा वाटतो. वाटू दे.

राहता राहिलं डिझेल. मोठी गाडी म्हणजे डिझेल आणि डिझेल म्हणजे भरवसा, हे कमांडर-सुमोच्या काळापासून आपल्या हाडात गेलंय. पण एप्रिल २०२० पासून बीएस-६ आलं. आता डिझेल गाडीच्या धुराड्यात काजळी अडवणारी जाळी असते. ती साफ व्हायला गाडी मधूनमधून बराच वेळ एका वेगात पळावी लागते. लालबागहून प्रभादेवीला सिग्नल घेत घेत जाणारी, आठवड्यातले पाच दिवस उभी असणारी डिझेल गाडी ती जाळी भरून घेते, मग दिवा लागतो, मग सर्व्हिस सेंटर. पोलादपूरचा फिटर यात काही करू शकत नाही, आणि हळदही. :-) तेव्हा तुम्हा तिघांनाही माझं मत पेट्रोल. वर्षातून तीन वेळा कोकणात जाताना थोडा जास्त खर्च होईल, तो करा. ज्याचं रोजचं जाणं-येणं पुण्याला किंवा नाशिकला आहे त्याने खुशाल डिझेल घ्यावी.

चारही चाकांना जोर हवा का? कोकणातल्या घरापर्यंत आता डांबर आहे. नको. सहा एअरबॅग हव्या का? हो, आणि मागच्या रांगेत बसणाऱ्यांनीही पट्टा लावायचा, आत्याने सुद्धा.

आणि एक, बुकिंग करायच्या आधी. गिरगाव-दादर-परळला चाळी पाडून जे टॉवर झालेत त्यांत बऱ्याच ठिकाणी पार्किंग यांत्रिक आहे, एकावर एक गाड्या चढवणारं. त्यातले कितीतरी कप्पे बुटक्या गाड्यांच्या मापाचे असतात. शोरूमला जायच्या आधी टेप घेऊन खाली जा आणि आपल्या कप्प्याची उंची आणि रुंदी मोजा. वॉचमनला वजनाची मर्यादाही विचारा, ती बहुधा खांबावर लिहिलेली असते.